घरातली हिस्ट्री

शाळेत तीस वर्षं मी इतिहास शिकवला. सनावळ्या, तह, लढाया, कारणे आणि परिणाम. पण दवाखान्यात 'हिस्ट्री' हा शब्द वेगळ्याच अर्थाने वापरतात, आणि त्या परीक्षेत मी नापास झाले. २०१६ सालची गोष्ट. छातीतल्या गाठीचा तुकडा तपासून आला होता आणि रिपोर्टमध्ये कॅन्सर असल्याचं स्पष्ट लिहिलं होतं. समोर बसलेल्या तरुण डॉक्टरबाई फॉर्म भरत होत्या. "घरात कुणाची हिस्ट्री? आई, आजी, मावशी, बहीण?" मी म्हटलं, "नाही, कुणालाच नाही." त्यांनी तसं लिहून घेतलं.

रात्री बसने घरी येताना एकदम फुई आठवली. फुई म्हणजे आत्या; आमच्या खानदेशात वडिलांच्या बहिणीला फुई म्हणतात. तिचं मुंबईला 'पाठीचं ऑपरेशन' झालं होतं, एवढंच आम्हा मुलांना माहीत. पण पाठीच्या ऑपरेशनने उजवा हात जन्मभर सुजलेला कसा राहतो? पाठीचं ऑपरेशन झालेली बाई पदर एकाच बाजूने दोनदा का ओढून घेते? ती आमच्याबरोबर नदीवर अंघोळीला का येईनाशी झाली? बेचाळीस वर्षं हे प्रश्न मला, इतिहासाच्या शिक्षिकेला, पडलेच नव्हते.

दुसऱ्या दिवशी काकूला फोन केला. काकू ऐंशीच्या पुढची, घरातली त्या काळची एकटीच उरलेली साक्षीदार. बराच वेळ ती काही बोललीच नाही. मग म्हणाली, "तुले आते कसाले पाहिजे ते?" का पाहिजे ते मी सांगितलं. त्यानंतर ती जे बोलली, त्यावरून मी हा इतिहास जुळवला आहे. त्यातली साल-तारीख मी माझ्याकडून पडताळून पाहिली, सवय म्हणून.

फुईला गाठ लागली ती १९७३ च्या श्रावणात, कानबाईच्या दिवसांत. रोटांसाठी दळण चाललेलं, हात लागला. सुपारीएवढी गाठ. दुखत नव्हती. "दुखस नही ते काय सांगानं?" असं ती नंतर काकूला म्हणाली होती. हा रोग फसवतो तो इथे. करट दुखतं, गळू दुखतं, दाढ दुखते, म्हणून माणूस डॉक्टरकडे जातो. छातीतली ही गाठ बहुतेक वेळा सुरुवातीला दुखतच नाही.

आणि ते वर्ष कुठलं? ७२ च्या दुष्काळानंतरचं. दीड-दोन वर्षं खडी फोडलेल्या, सुकडी खाल्लेल्या घरात पहिल्यांदा कपाशी बऱ्यापैकी उभी होती. वेचणी सोडून बाई दवाखान्यात जाणार कशी? वेचणी झाली, मग धाकट्या दिराचं लग्न निघालं. बोलली ती थेट आखाजीला, माहेरी आल्यावर. सासुरवाशिणीचं जे काही मनात असतं ते आखाजीलाच बाहेर पडतं, हे खानदेशात कुणाला सांगायला नको. तोवर गाठ लिंबाएवढी झाली होती आणि काखेतही एक लागत होती. श्रावण ते वैशाख, नऊ महिने.

धुळ्याच्या डॉक्टरांनी हात लावताच सांगितलं, मुंबईला न्या. पण १९७४ च्या मे महिन्यात, ८ तारखेपासून, देशभर रेल्वेचा संप झाला. तो २७ ला मिटला. फुई मुंबईला पोचली जूनमध्ये: एसटीने धुळे, धुळ्याहून चाळीसगाव पॅसेंजर, चाळीसगावला रात्रभर फलाटावर, मग मुंबईची गाडी, आणि पहाटे दादर. चाळीसगावपासून मुंबई सव्वातीनशे किलोमीटर. बरोबर फुवा आणि माझे वडील. फुई त्याआधी नाशिकच्या पुढे कधी गेली नव्हती.

परळच्या टाटा हॉस्पिटलचं नाव आपल्याकडे वेगळ्याच पद्धतीने घेतलं जातं. "त्यांना टाटाला नेलंय" एवढं म्हटलं की ऐकणारा पुढे विचारत नाही. हे हॉस्पिटल उभं राहिलं तेही घरातल्या दु:खातूनच. सर दोराबजी टाटांच्या पत्नी मेहेरबाई १९३१ साली रक्ताच्या कॅन्सरने गेल्या, पुढच्याच वर्षी दोराबजीही गेले. त्यांच्या नावाच्या न्यासाने २८ फेब्रुवारी १९४१ रोजी परळला ८० खाटांचं हे रुग्णालय उघडलं. त्या वेळी आपला भाग पूर्व खानदेश आणि पश्चिम खानदेश म्हणून ओळखला जाई; जळगाव आणि धुळे ही जिल्ह्यांची नावं नंतरची. खानदेशातल्या बाईच्या दृष्टीने कॅन्सरचा इलाज पुढे कित्येक वर्षं याच एका पत्त्यावर होता. इलाज म्हणजे मुंबई.

तिथे फुईचं जे ऑपरेशन झालं, त्याचा उगम अमेरिकेतला. विल्यम हॅल्स्टेड नावाच्या सर्जनने १८८० च्या दशकात ते रूढ केलं. त्याचं म्हणणं असं, की कॅन्सर गाठीपासून मुळ्यांसारखा कडेकडेने पसरत जातो. तेव्हा जितकं जास्त काढाल तितकं बरं. शेतातला कुंदा जसा खोल खणून, आजूबाजूच्या मातीसकट काढायचा, तसं. संपूर्ण स्तन, त्याखालचे छातीचे स्नायू, काखेतल्या गाठी, सगळं. त्याआधी या रोगावर काहीच हाती लागत नव्हतं, त्यामुळे हॅल्स्टेडची पद्धत जगभर गेली आणि जवळजवळ नव्वद वर्षं टिकली. बाई वाचली तर छातीच्या जागी खोलगट खड्डा आणि बरगड्यांवर ताणलेली कातडी. काखेतून पाणी वाहून नेणाऱ्या वाहिन्याही जात, म्हणून हात सुजायचा. फुईच्या त्या हाताचं कोडं मला असं पुस्तकात सुटलं. मुंबईच्या डॉक्टरांना मी यात दोष देत नाही. त्या काळच्या ज्ञानाप्रमाणे त्यांनी केलं आणि त्यामुळेच ती पुढे एकोणीस वर्षं जगली.

पण नेमक्या त्याच काळात हा कुंद्याचा सिद्धांत ढासळत होता. पिट्सबर्गचे बर्नार्ड फिशर यांचं म्हणणं होतं, की गाठ हाताला लागेपर्यंत कॅन्सरच्या काही पेशी रक्तातून अंगभर गेलेल्या असू शकतात. मग छातीवर कितीही खोल कापलं तरी त्यांचं काय होणार? त्यांनी १९७१ साली मोठं ऑपरेशन आणि लहान ऑपरेशन यांची रीतसर तुलना सुरू केली. इटलीत मिलानला उंबेर्तो वेरोनेसी यांनी १९७३ पासून त्याहून धाडसी तुलना केली: लहान गाठ असलेल्या ७०१ बायका, निम्म्यांचं हॅल्स्टेडचं ऑपरेशन आणि निम्म्यांचा फक्त गाठीभोवतीचा भाग काढून किरणोपचार. १९८१ साली निकाल आला. जगण्यात काही फरक नाही. वीस वर्षांनी, २००२ मध्ये, पुन्हा मोजलं. तरीही नाही. दरम्यान १९७६ साली मिलानच्याच जियान्नी बोनादोन्ना यांनी दाखवलं की ऑपरेशननंतर औषधं, म्हणजे आज आपण ज्याला केमो म्हणतो ती, दिल्याने रोग उलटण्याचं प्रमाण घटतं. टाटामध्येही १९८० च्या दशकात स्तन वाचवणारे उपचार होऊ लागले.

हे वाचून मी पुस्तक मिटून ठेवलं होतं. कारण त्यातली एक अट लहान अक्षरांत असते. स्तन वाचवायचा तर नंतर किरणोपचार, म्हणजे आपल्याकडचे लोक ज्याला 'शेक' किंवा 'लाईट घेणं' म्हणतात ते, जवळपास टाळताच येत नाहीत. तेव्हाची पद्धत आठवड्यातले पाच दिवस, पाच आठवडे, अशी पंचवीस वेळा. परळमध्ये राहणाऱ्या बाईला ते जमेल. पारोळ्याच्या, साक्रीच्या, यावलच्या बाईने पाच आठवडे मुंबईत राहायचं कुठे? दादरची गाडगे महाराज धर्मशाळा भरलेली. टाटाच्या आसपासच्या फुटपाथवर प्लास्टिक बांधून, स्टोव्हवर खिचडी शिजवत राहिलेली बिऱ्हाडं ज्यांनी पाहिली आहेत त्यांना मी काय म्हणते ते कळेल. घरी म्हैस, शेत, शाळेतली पोरं. मग नवरा-बायको एकमेकांकडे पाहत आणि म्हणत, "डॉक्टर, सगळंच काढून टाका." गाठ लहान असली तरी. बाईचा स्तन राहणार की जाणार हे अशा वेळी रोगाने ठरवलं नाही. गावापासून मुंबईच्या अंतराने ठरवलं. रेल्वेने कॅन्सरच्या पेशंटला आणि सोबत्याला भाड्यात मोठी सवलत दिली, ती मोलाची आहे; पण सवलत तिकिटाला, मुंबईतल्या राहण्याला नव्हे.

पुढे नाशिक, औरंगाबाद (आताचं छत्रपती संभाजीनगर) इथे शेकाची सोय झाली. आणखी एक गोष्ट घडली, जिचा फारसा गाजावाजा झाला नाही. २००८ साली इंग्लंडमधल्या अभ्यासांनी दाखवलं की थोडे जास्त जोराचे पंधरा शेक दिले तरी गुण तोच येतो. २०२० मध्ये आणखी एका अभ्यासाने पाच शेकांवर, एका आठवड्यावर आणून ठेवलं. अर्थात कुणाला किती चालतील ते डॉक्टर ठरवतात. पंचवीस, पंधरा, पाच. माझ्या वाट्याला पंधरा आले. शहरातल्या माणसाला हे आकडे किरकोळ वाटतील. आमच्याकडच्या बाईसाठी नव्या औषधाच्या शोधाइतकेच ते मोठे आहेत.

पैशाची गोष्टही इथेच सांगते. २ जुलै २०१२ रोजी राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना राज्यातल्या आठ जिल्ह्यांत सुरू झाली, त्यात धुळे होतं. जळगावला ती पुढच्या वर्षी पोचली. २०१७ पासून ती महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना. माझ्या शेजारच्या खाटेवरची शिंदखेडा तालुक्यातली बाई याच योजनेतून आलेली होती. पिवळं रेशनकार्ड तिने प्लास्टिकच्या तीन पिशव्यांत गुंडाळून उशाखाली ठेवलं होतं.

आता मनाचं. या रोगाच्या इतिहासात मनाचा रकाना फार उशिरा आला. न्यूयॉर्कच्या टेरेस लॅसर या बाईंचं १९५२ साली हेच ऑपरेशन झालं. नंतर त्या स्वतःहून इतर ऑपरेशन झालेल्या बायकांना भेटायला इस्पितळात जाऊ लागल्या: हात कसा हलवायचा, कपड्याच्या आत काय घालायचं, नवऱ्याशी काय बोलायचं. काही डॉक्टरांना ते मुळीच आवडलं नाही. आणि १९७४ च्या सप्टेंबरात, म्हणजे फुई परळहून परतल्यावर दोन-अडीच महिन्यांनी, अमेरिकेच्या अध्यक्षांच्या पत्नी बेटी फोर्ड यांचं ऑपरेशन झालं. नवरा अध्यक्ष होऊन दोन महिनेही झाले नव्हते. त्यांनी ते जगाला उघड सांगितलं. त्यांना हजारो पत्रं आली आणि असंख्य बायका तपासायला गेल्या. त्याच दिवसांत आमच्या घरात मोठी माणसं ठरवत होती की गावात सांगायचं, पाठीचं ऑपरेशन होतं.

का लपवलं? काकू म्हणाली, फुईच्या दोन मुली लग्नाच्या होत्या. शिवाय रोग लागतो, अशी समजूत. फुईचं ताट-पेला घरात वेगळा झाला. कुणी भांडून केला नाही, एक दिवस तो फक्त वेगळ्या कोनाड्यात दिसू लागला. कॅन्सर शेजारी बसल्याने, एका ताटात जेवल्याने लागत नाही. आज हे पोराटोरांना माहीत आहे, तरी शेकाच्या रांगेत बसलेल्या एका मुलीने मला सांगितलं की सासूने बाळ तिच्याजवळ द्यायचं बंद केलंय.

फुवांबद्दल एक सांगायला हवं. सासरच्या माणसांविषयी अशा गोष्टींत वाईटच ऐकायची आपल्याला सवय असते. फुवा फारसे बोलणारे नव्हते. पण परळहून आल्यावर डॉक्टरांनी सांगितलेला व्यायाम, भिंतीवर बोटं चालवत हात वर न्यायचा, तो ते रोज संध्याकाळी फुईकडून करून घेत. भिंतीवर कोळशाने रेघ मारत. प्रत्येक आठवड्याला रेघ थोडी वर. शेणाने सारवलेल्या त्या भिंतीवरच्या रेघा मी लहानपणी पाहिल्या होत्या. मला वाटायचं, दुधाचा हिशोब आहे.

माझ्या वेळी हात वाचला, स्तन बराचसा वाचला. केस गेले. लाल इंजेक्शनच्या दुसऱ्या फेरीआधीच उशीवर, ताटात, देवघरात केस. याची तयारी डॉक्टरांनी करून दिली होती, तरीही आरशासमोर मी पाय गळून बसले. नंतर मला समजलं की मी टकलाला घाबरले नव्हते. डोक्यावर केस नसलेली बाई आपल्या समाजाने पिढ्यान् पिढ्या एकाच अर्थाने पाहिली. विधवांचं केशवपन करणार नाही, असं १८९० मध्ये मुंबईत नाभिकांनी ठरवलं, त्यात नारायण मेघाजी लोखंड्यांचा पुढाकार होता. इतिहासाच्या तासाला हे मी उत्साहाने शिकवायची. पण ती भीती पुस्तकातून गेली तरी अंगातून गेलेली नसते. ऑपरेशनआधी नर्सने मंगळसूत्र आणि बांगड्या काढून द्यायला सांगितल्या तेव्हाही तेच. ती बिचारी नियमाप्रमाणे बोलत होती. शेजारच्या शिंदखेड्याच्या बाईने बांगड्या काढल्या आणि मनगटाला पिवळा दोरा बांधून घेतला. नर्सने पाहिलं आणि न पाहिल्यासारखं केलं.

रडू येत होतं, पण त्याहून जास्त राग येत होता. कुणावर ते कळत नव्हतं. चहा गार झाला म्हणून मी मुलावर ओरडले. भेटायला येणारे सांगत, "तुम्ही खंबीर आहात." तीन महिने हे वाक्य ऐकून मी खंबीरपणाला कंटाळले होते. एका समुपदेशक बाईंनी मला पहिल्यांदा विचारलं, "सगळ्यात जास्त भीती कशाची?" मरणाची नाही, असं माझ्या तोंडून निघालं, फुईसारखं गप्प राहून जगण्याची.

पहिल्या तपासणीत मी "नाही" म्हटलं ते दुरुस्त करायला पुढच्या खेपेला गेले. डॉक्टरबाईंना वाटलं होतं आईकडचंच सांगायचं असतं असं मी समजले. खरंच तसंच समजले होते, आणि पुष्कळजण समजतात. पण बापाकडूनही हा वारसा येतो. आपल्या कमल रणदिवे, पुण्यात १९१७ साली जन्मलेल्या, डॉ. वसंत खानोलकरांच्या हाताखाली मुंबईच्या प्रयोगशाळेत तयार झालेल्या शास्त्रज्ञ, उंदरांच्या पिढ्या सांभाळत स्तनाच्या कॅन्सरचा आणि आनुवंशिकतेचा संबंध शोधत होत्या, तो काळ फुईच्या ऑपरेशनच्याही आधीचा. १९९० मध्ये अमेरिकेच्या मेरी-क्लेअर किंग यांनी सतराव्या गुणसूत्रावर त्यातल्या एका जनुकाची जागा दाखवली. शंभरातल्या पाच ते दहाजणींमध्येच रोग असा वारशाने येतो, आणि एका आत्याला पन्नाशीत झाला म्हणून माझ्या बाबतीत फार काही सिद्ध होत नाही, असं डॉक्टरबाई म्हणाल्या. पण माहिती असती तर मी चाळिशीपासून तपासत राहिले असते. माझ्या गाठीचा आकार वेगळा असता. हे त्या नाही, मी म्हणते.

तपासण्यासाठी दर वेळी यंत्रच लागतं असंही नाही. मुंबईच्या वस्त्यांमध्ये १९९८ पासून टाटाने एक अभ्यास चालवला. दीड लाखाहून जास्त बायका. दहावीपर्यंत शिकलेल्या मुलींना प्रशिक्षण देऊन, त्यांच्या हातांनी दर दोन वर्षांनी तपासणी. २०२१ साली निकाल छापून आला. रोग लवकरच्या पायरीवर सापडू लागला. पन्नाशीच्या पुढच्या बायकांत या रोगाचे मृत्यू जवळजवळ ३० टक्क्यांनी कमी झाले. त्याहून तरुण बायकांत तसा फरक दिसला नाही, हेही सांगायला हवं. मला त्यात महत्त्वाचं वाटलं ते हे, की तपासणारी बाई होती, घराजवळ येत होती आणि तिच्यासमोर पदर बाजूला करायची लाज कमी होती. जागतिक अंदाजाप्रमाणे भारतात २०२२ या एका वर्षात सुमारे १ लाख ९२ हजार बायकांना हा रोग झाला आणि ९८ हजार गेल्या. या आकड्यांत किती कापसाच्या वेचण्या, किती लग्नं आणि किती आखाज्या थांबलेल्या असतील, ते कुठल्या तक्त्यात येत नाही.

२०१७ च्या आखाजीला माझे केस बोटभर वाढले होते. माहेरी सगळ्या जमलो होतो, लिंबाला झोका बांधलेला. दुपारी पुरणपोळ्या, आमरस झाल्यावर ओसरीवर मी विषय काढला. फुईचं पाठीचं ऑपरेशन पाठीचं नव्हतं, हे फुईच्या मुलींसमोर सांगितलं. धाकटी म्हणाली, "आम्हाला माहीत होतं. तुम्हाला माहीत नाही असं आम्हाला वाटायचं." मग काकूने आपल्या एका मावसबहिणीचं नाव घेतलं. मोठ्या वहिनीने तिच्या आजीचं. एका चुलत बहिणीने मुलाच्या वहीचं पान फाडलं आणि त्यावर नावं लिहायला घेतली: कोण, कोणत्या वर्षी, किती वयाची. फुईचं नाव पहिलं.

पान लिहून होत आलं तेव्हा धाकटी वहिनी हळूच म्हणाली, "ताई, पण ती दुखते का?" मी म्हटलं, "बहुतेकदा नाही." ती उठून आत गेली. मी तिच्या मागे गेले. चौथ्या दिवशी तिला धुळ्याला नेलं. गाठ चरबीची निघाली. बहुतेक गाठी साध्याच निघतात. येताना तिने स्टँडवर दोन कुल्फ्या घेतल्या आणि दोन्ही तिनेच खाल्ल्या.